एक मिनिट गप्प

मी एक जुना कॉलर माईक आहे. हरभऱ्याएवढं डोकं आणि लांबलचक वायर, एवढाच माझा संसार. जन्मलो तेव्हा वाटलं, गायकांच्या गळ्याशी राहीन. नशिबी आली टीव्हीची मालिका, तीही आमच्या देशात शेजाऱ्याने शेजाऱ्याशी केलेल्या युद्धावरची. तेरा भागांची.

मित्रांनो, तिच्यासाठी मी तीन वर्षं राबलो. एका सेनापतींच्या छातीवर पदकांची एवढी दाटी, की मला टाचायला जागा मिळेना. 'युद्ध मी जिंकलं' म्हणणारे अकरा जण मी ऐकले. 'सुरू मी केलं' म्हणणारा एकही नाही. "याला सगळं ऐकू येतं," असं आमच्या ध्वनिमुद्रक बाई कौतुकाने म्हणायच्या. खरंच यायचं. सेनापतींच्या पोटातली गुरगुरसुद्धा.

एकदा आम्ही दोन भावांची मुलाखत घ्यायला गेलो. युद्धात थोरला सरकारी फौजेत होता, धाकटा बंडखोरांत. त्या युद्धाला सत्तावीस वर्षं झाली होती. राहायचे समोरासमोर, पण बोलणं बंद. सगळे निरोप त्यांच्या ताईमार्फत. आणि ताई तर महिनाअखेरीस दुसऱ्या शहरात लेकीकडे कायमची निघाली होती. म्हणून तिने अट घातली : 'मुलाखती माझ्या घरात, दोघांच्या एकाच दिवशी.'

"ताई, त्याला सांग, खुर्ची मागे घे. माझ्या पायाला लागतेय."

"ताई, त्याला सांग, पाय आवर."

"अरे, ऐकलंत ना दोघांनी? मग मला कशाला दमवता?" ताई म्हणाली. "मी गेल्यावर काय कबुतर पाळणार आहात?"

धाकट्याची मुलाखत झाली, मग थोरल्याची. आमच्या कामात शेवटी एक मिनिट सगळ्यांनी गप्प बसायचं असतं. खोलीचा नुसता आवाज टिपून ठेवतात, पुढे मुलाखतीचे तुकडे जोडताना लागतो.

"कुणीही बोलायचं नाही," बाईंनी बजावलं. "ताई, तुम्हीसुद्धा."

पंखा बंद झाला. दहा सेकंद. वीस. मी थोरल्याच्या सदऱ्यावरच होतो, त्याचे ठोके मला स्पष्ट ऐकू येत होते. तेवढ्यात त्याला खोकला आला. दाबला, तर जास्तच आला. धाकट्याने ताईकडे पाहिलं. ताईने तोंडावर बोट ठेवलं.

"औषध घेतोस की नाही?" शेवटी धाकट्यानेच विचारलं.

"कडू असतं रे."

"लहानपणी पण कुंडीत थुंकायचास."

"आणि तू आईला जाऊन सांगायचास. चुगलखोर!"

मिनिट साफ वाया गेलं. एरवी खुर्ची कुरकुरली तरी बाई डाफरायच्या. त्या दिवशी त्यांनी यंत्र बंदच केलं नाही. ताई तर तोंडावरचं बोट काढायला तयार नव्हती. ते मिनिट मालिकेच्या शेवटच्या भागात गेलं, खोकल्यासकट.

आता बिनतारी माईक आलेत आणि मी खणात पडून असतो. मित्रांनो, माझं मागणं थोडंच आहे. आमच्या वायरी करकचून गुंडाळू नका, आतून तुटतात. आणि कुणाशी अबोला धरला असेल, तर मधल्या माणसाला जरा सुट्टी द्या.

ती ताई ठरल्या दिवशी लेकीकडे गेली. बाई सांगत होत्या, तिची ट्रंक कुणी उचलायची यावरून दोघे भाऊ स्टेशनपर्यंत भांडत गेले. पण एकमेकांशी.