कॅनमधली शिडी

डब्याचं झाकण टण्णकन फरशीवर पडलं आणि दुपारचं निपचित घर दचकलं. मनकर्णा धावत आली. सासू भिवराबाई चिमीच्या फिटच्या गोळ्या चुलीत टाकत होती. परवा लेकीला पुन्हा फिट का आली, ते मनकर्णाला आत्ता कळलं.

"गोळ्या आन् तीर्थ एका पोटात नांदत न्हाई. खुद्द तात्याबा महाराज बोल्ले."

मनकर्णानं त्याच सांजेला बीडहून गोळ्या मागवल्या, अन् महाराजांच्या तीर्थाचा छडा लावायचं ठरवलं.

गावाला टँकरचं पाणी मिळता मिळेना, पण दूध संघाच्या शेडपुढं तीर्थाच्या निळ्या कॅनांची उन्हात रांग. मागं भला मोठा फलक, त्यावर शहरातल्या तपासणीचा आलेख : सारख्या अंतरावर उभ्या रेघा.

"यंत्राला देव कळतो व्हय? तरी त्यानं काय काढलं? स्वर्गाची शिडी!" तात्याबा ओरडायचा, अन् शेड हात जोडायचं.

ते यंत्र मनकर्णाच्या ओळखीचं होतं. मास स्पेक्ट्रोमीटर, कणांचं वजन करणारं. चिमी व्हायच्या आधी ती त्यावरच काम करायची. तीर्थ तपासलं, पण कॅन कुणी तपासला? तिनं जुन्या मैत्रिणीकडं दोन नमुने पाठवले : महाराजांच्या घागरीतलं तीर्थ काचेच्या बाटलीत, अन् टँकरचं पाणी तसल्याच नव्या कॅनमध्ये, उन्हात ठेवून.

आठवड्यानं ती शेडमध्ये उभी राहिली.

"काचेतल्या तीर्थात शिडी न्हाई. टँकरच्या पाण्यात हाय."

"म्हंजे टँकरवालाबी महाराज झाला की!" मागून कुणीतरी खिदळलं.

"चार बुकं शिकली म्हणून देव तोलती का गं? खाली बस!" संघाचा चेअरमन पंडित गरजला. दोघी-तिघींनी तिचा पदर ओढला.

ती बसली नाही. "नव्या कॅनला आतून कारखान्यातला मेणचट थर असतो. त्याचे कण म्हंजे एकसारख्या मण्यांच्या माळा. कुठं दहा मणी, कुठं अकरा, कुठं बारा. दर मण्याचं वजन सारखं, म्हणून पायऱ्या सारख्या. एरवी आपण नवं भांडं विसळतो. पर दुष्काळात तांब्याभर पाणी कोण सांडंल? न विसळता भरलं, अन् थर पाण्यात उतरला."

"श्रद्धेला कॅन लागत न्हाई, बाई!" तात्याबा म्हणाला.

"मग उद्यापासून काचेत वाटा, महाराज. अन् पुन्हा तपासू."

तात्याबा पाणी प्यायला उठला, तो परत आलाच नाही. पांगणाऱ्या गर्दीतून शेजारची जानकीबाई जवळ सरकली. "माझ्या पोराच्या गोळ्याबी बंद केल्यात..."

"आजच डॉक्टरला विचारा. अन् यंत्राचा दाखला कुणी दाखवला, तर एवढंच पुसायचं : त्याच भांड्यात नुसतं पाणी घालून तपासलंत का?"

घरी भिवराबाईनं निळा कॅन दाराबाहेर ठेवला. मनकर्णाच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही.

रात्रीची गोळी चिमीनं तोंड वाकडं करून गिळली, अन् आईच्या मांडीवर डोकं टेकलं.

"आई, तीर्थानं नक्की बरं वाटणार म्हणत होते महाराज. गोळीनं मी नक्की बरी होणार का गं?"