सहा बाटल्यांची ओळखपरेड

शाळेच्या प्रयोगशाळेतल्या मावशींना जगात दोनच गोष्टींचं वावडं होतं: खोटं बोलणं आणि चिकट बाटली. त्या दिवशी सकाळी चिकट बाटलीने त्यांचा घात केला, आणि दुपार व्हायच्या आत खरेपणानेही तो करायचा बाकी ठेवला नाही.

त्याचं असं झालं. गेल्या वर्षीच्या तपासणीत तपासनीस बाईंनी शेरा मारला होता, 'बाटल्यांवर धुळीचा थर. प्रयोगशाळा वापरात असल्याबद्दल शंका.' तेवढ्या एका ओळीवरून वरच्या कचेरीने कळवलं, की यंदाही शेरा वाईट आला तर प्रयोगशाळा बंद करावी आणि त्या खोलीत मोडके बाक ठेवावेत. एकोणीस वर्षं मावशींनी ती खोली सांभाळली होती. तान्ह्या बाळाचं नाक पुसावं तशा त्या परीक्षानळ्या पुसत. मोडक्या बाकांबद्दल त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण पाहुणा गरीब म्हणून कुणी त्याला आपलं घर सोडून देत नाही.

तेव्हा तपासणीच्या दिवशी त्या आठलाच येऊन हजर. टबात कोमट पाणी घेतलं, साबणाचा फेस केला आणि रोजच्या प्रयोगांच्या सहा बाटल्या त्यात गळ्यापर्यंत बसवल्या.

"बसा पाच मिनिटं," त्यांना सांगून मावशी खिडक्या पुसायला गेल्या.

खिडक्या निघाल्या आठ. पाच मिनिटांची पन्नास झाली. परत येऊन बघतात तर बाटल्या आरशासारख्या लखलखतायत आणि सहाच्या सहा चिठ्ठ्या फेसावर तरंगतायत.

आता इथे मावशींची एक खोड सांगायला हवी. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या त्या विकतच्या गोंदाने कधी लावत नसत. गोंदाला वास येतो, म्हणायच्या. त्या घरून पिठाची खळ शिजवून आणायच्या. खळ धरते घट्ट, वर्षानुवर्षं सोडत नाही; फक्त कोमट पाण्याशी तिचं फार सख्य. पाणी दिसलं की माहेरचं माणूस भेटल्यासारखी विरघळते.

मावशी टबाकडे बघत उभ्या राहिल्या. सहा बाटल्या, एकाच मापाच्या. आतलं सगळं स्वच्छ, नितळ, बिनरंगी. एक झाकावी आणि दुसरी काढावी.

तेवढ्यात रसायनशास्त्राचे सर आले. सर नवीन, लागून तीन महिने झालेले. पाठांतर असं, की रेणुसूत्रं ते झोपेतही म्हणायचे. त्यांच्या बायकोनेच ही तक्रार स्टाफरूममध्ये पोचवली होती. पण ज्या कॉलेजात सर शिकले तिथे प्रयोग फळ्यावरच व्हायचे. त्यामुळे हातात परीक्षानळी आली की ती आणि सर, दोघंही थरथरायचे.

"वा, मावशी! काय चमकवल्यात! सगळ्यांत नवीन पाणी भरलंत वाटतं?"

"पाणी एकीतच आहे, सर. बाकीच्या पाच जणी पाण्याचा आव आणून बसल्यात."

"म्हणजे?"

मावशींनी टबातली एक ओली चिठ्ठी बोटावर घेऊन दाखवली. सर स्टुलावर बसले. मग उठले. मग परत बसले.

"कोणती कोणती होती?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"सौम्य आम्ल, धुण्याच्या सोड्याचं द्रावण, चुन्याची निवळी, मिठाचं द्रावण, ऊर्ध्वपातित पाणी, आणि ती गुलाबी होणारी."

"फिनॉल्फ्थॅलीन."

"तीच. मी तिला लाजरी म्हणते. तुमचं नाव घेईपर्यंत तास संपतो."

सरांनी खडू उचलला. खडू हातात आला की त्यांना धीर यायचा. "हे बघा, शास्त्रशुद्ध जाऊ. सहा बाटल्या. प्रत्येकीची दुसरीशी अभिक्रिया करून बघायची. म्हणजे एकूण पंधरा जोड्या. त्यांचा एक तक्ता करू..."

"सर, साडेनऊ होत आले. बाई अकराला येतायत. पंधरा स्थळं बघायला वेळ कुठाय?"

"मग निदान मीठ तरी चवीवरून..." असं म्हणत सरांनी एका बाटलीचं बूच काढलं आणि बोट पुढे केलं. मावशींनी हातातलं फडकं सपकन त्यांच्या मनगटावर मारलं. मावशी मवाळ होत्या, पण फडकं नव्हतं.

"एकीत आम्ल आहे! जीभ म्हणजे काय शाळेची वस्तू आहे, फुटली की दुसरी मागवायला?"

सरांनी बोट खिशात घातलं आणि बराच वेळ तिथेच ठेवलं.

मग मावशींनी पदर खोचला. त्यांना सूत्रं येत नव्हती, पण स्वभाव माहीत होते. एकेका बाटलीचं बूच काढून, तोंड लांब ठेवून, हाताने वारा घेत त्यांनी वास आपल्याकडे आणला. चौथ्या बाटलीला स्पिरिटचा वास आला. "ही लाजरी. अत्तर लावून बसते, लपणार कुठे?"

बाकी पाचांचं थोडं थोडं द्रावण त्यांनी पाच नळ्यांत घेतलं आणि प्रत्येकीत लाजरीचे दोन थेंब टाकले. तीन नळ्या ढिम्म. दोन झाल्या गुलाबी.

"आम्लारी!" सर ओरडले. "सोडा आणि निवळी! आता आम्ल..."

"आता बाकीच्या तिघींना आळीपाळीने या दोघींकडे पाठवायचं. ज्या घरात भांडण होईल तिथे आम्ल शिरलं समजा."

पहिलीने काही केलं नाही. दुसरीनेही नाही. तिसरी ओतल्याबरोबर दोन्ही गुलाबी रंग उडाले, आणि एका नळीत फसफसून फेस वर आला. जी फसफसली ती सोड्याची; जिचा फक्त रंग गेला ती निवळी; आणि भांडण लावणारी ती आम्लाची. उरल्या दोन. मावशींनी दोन काचपट्ट्यांवर एकेक थेंब ठेवून स्पिरिटच्या दिव्यावर हलकेच तापवला. एक पट्टी कोरी राहिली. दुसरीवर पांढरं कडं उमटलं.

"हे मीठ, ते पाणी. झालं."

सुवाच्य अक्षरात सरांनी सहा चिठ्ठ्या लिहिल्या, वर सूत्र आणि खाली, मावशींच्या आग्रहावरून, नाव. मावशींनी डब्यातली खळ काढली. साडेदहाला सहावी चिठ्ठी बसली.

"मावशी, एक विनंती," सर हात जोडून म्हणाले. "आज जे झालं ते कुणाला सांगायचं नाही."

"कुणी विचारलं नाही तर मी कशाला सांगू?"

"आणि विचारलं तर?"

"विचारल्यावर कसं नाही सांगणार?" मावशींनी मनापासून आश्चर्य करत विचारलं.

सरांची पाचावर धारण बसली, ती पुढे तासभर उठली नाही.

अकराच्या ठोक्याला मुख्याध्यापक तपासनीस बाईंना घेऊन आले. मुख्याध्यापकांना मुलं 'भोंगा' म्हणत. वार्षिक अहवाल ते एका दमात वाचत, आणि मध्ये कुणी टाळ्या वाजवल्या तर त्या अहवालाखाली दबून जात. बाई उलट. मोजकं बोलायच्या, उरलेलं चष्म्यावरून बघायच्या. त्यांचा मूळ विषय इतिहास होता, त्यामुळे प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागायची सवय.

बाईंनी खिडक्या पाहिल्या, मान हलवली. नळ्या पाहिल्या, मान हलवली. मग एक बाटली उचलली, खाली ठेवली, आणि बाटलीवरची चिठ्ठी त्यांच्या अंगठ्याबरोबर निघून आली. त्यांनी ती दुसऱ्या हाताने काढली, तर ती दुसऱ्या हाताला चिकटली.

"ही केव्हा लावलीत?"

"मॅडम, तसं पाहिलं तर, वेळोवेळी..." सर ततपप करू लागले.

"आज साडेदहाला," मावशी म्हणाल्या. आणि टबापासून काचपट्टीपर्यंत सगळं सांगून मोकळ्या झाल्या. सरांनी डोळे मिटले. मुख्याध्यापकांचा चेहरा दोनदा गुलाबी आणि एकदा बिनरंगी झाला.

बाईंनी चिठ्ठी वाचली. "चुन्याची निवळी. म्हणजे यात निवळीच आहे, हा तुमचा अंदाज."

"अंदाज नाही बाई. तिची वागणूक तशी आहे."

"वागणूक मी वहीत कशी लिहू? सिद्ध करा. नाहीतर बिनओळखीच्या रसायनांत मुलांना सोडता येणार नाही. खोली बंद करावी लागेल."

सरांनी खडू उचलला आणि फळ्यावर Ca(OH)₂ + CO₂ → CaCO₃ + H₂O असं झोकात लिहिलं. "आपल्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो, मॅडम. निवळीत फुंकलं की न विरघळणारं कॅल्शिअम कार्बोनेट तयार होतं. निवळी दुधासारखी पांढरी होते. कुणीही फुंकावं."

"मी फुंकतो!" मुख्याध्यापक पुढे झाले. शाळेची अब्रू होती.

मावशींनी नळीत निवळी घेऊन आत स्ट्रॉ सोडला. "ओढायचं नाही हं, मोठे सर. नुसतं फुंकायचं."

मुख्याध्यापकांनी छाती भरून घेतली आणि सुरू केलं. बुडबुड, बुडबुड. निवळी धुरकट झाली, मग ताकासारखी, मग चांगली दुधासारखी. बाईंनी मान हलवली, वही उघडली, पेनचं टोपण काढलं. सर मुख्याध्यापकांना हाताने 'बस, बस' करू लागले. मुख्याध्यापकांना वाटलं, शाबासकी चाललीय. ते आणखी जोराने फुंकू लागले. डोळे बाहेर, गाल फुगलेले, टायचा शेंडा वर-खाली.

बाईंनी तारीख लिहिली, पेन टेकवलं आणि खात्रीसाठी वर पाहिलं.

नळीत स्वच्छ पाणी होतं.

"दूध कुठे गेलं?" बाईंनी विचारलं.

मुख्याध्यापकांनी तोंडातून स्ट्रॉ काढला. "मी प्यायलो नाही!"

"मग?"

"देवाशपथ नाही! तोंड बघा!" त्यांनी खरंच तोंड उघडून दाखवलं. बाईंनी बघितलं नाही.

सर धावत फळ्याकडे गेले. "मॅडम, हे पुढचं समीकरण आहे! वायू जास्त झाला की त्या कार्बोनेटचं बायकार्बोनेट होतं, ते पाण्यात विरघळतं! हे बघा, Ca(HCO₃)₂..."

"फळ्यावर काय, काहीही लिहिता येतं," बाई शांतपणे म्हणाल्या. "मला आधी दूध दाखवलंत, मग पाणी दाखवलंत, आता अक्षरं दाखवताय." त्यांनी पेन पुन्हा वहीवर टेकवलं.

मावशी त्या नितळ नळीकडे बघत होत्या. पांढरं होतं, ते विरघळलं. गेलेलं नाही, आत आहे. आत असून दिसत नाही, असं पाणी आपण रोज कुठे बघतो?

"बाई," त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्या घरी चहाच्या किटलीला आतून पांढरं बसतं का हो?"

बाईंचं पेन थांबलं. "बसतं. चांगलं जाड बसतं. दोन किटल्या टाकल्या मी."

"नळाचं पाणी तर स्वच्छ दिसतं ना?"

"अगदी."

"तेच आहे हे. थंड असताना तोंडातून अक्षर काढत नाही. चटका बसला की पोटातलं सांगतं."

मावशींनी दिवा लावला. नळी चिमट्यात धरून, तोंड भिंतीकडे वळवून, ज्योतीवर हळूहळू हलवू लागल्या. बारीक बुडबुडे आले. पाणी स्वच्छच. सर पुटपुटत सूत्र म्हणू लागले. मुख्याध्यापकांनी फुंकण्यासाठी पुन्हा श्वास घेतला, तर सरांनी त्यांच्या तोंडापुढे डस्टर धरला. पाणी उकळायला आलं. अजून स्वच्छच. मावशी नळी हलवतच राहिल्या.

आणि नळीच्या मध्यावर धुकं आलं. आधी इतकं पुसट, की चष्म्याचा दोष वाटावा. मग दाट. मग सबंध नळी पांढरी.

बाई अगदी जवळ आल्या. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"गेलं नव्हतंच तर," त्या म्हणाल्या.

"कसं जाईल? घातलेलं आतच असतं, बाई."

"मग किटलीतलं काढायचं कसं?"

"अर्धं लिंबू पिळायचं आणि पाणी घालून ठेवायचं. फसफसेल. घाबरायचं नाही, घासायचं तर मुळीच नाही."

बाईंनी आधी वहीच्या शेवटच्या पानावर 'अर्धं लिंबू' असं टिपून घेतलं. मग तपासणीचं पान उघडून लिहिलं आणि वाचून दाखवलं: "रसायने सिद्ध झाली. प्रयोगशाळा भरपूर वापरात आहे. चालू ठेवावी. चिठ्ठ्या वाळेपर्यंत बाटल्यांना हात लावू नये."

मावशींनी दिव्यावर टोपण ठेवलं, आणि मग, कारण नसताना, तेच टोपण तीनदा पुसलं.

सही झाली. मुख्याध्यापक आभाराचं भाषण करायला पुढे सरसावले, पण बाई दाराकडे वळल्याच नव्हत्या. त्यांनी कोऱ्या स्ट्रॉकडे बोट केलं.

"मी एकदा बघू?"

मावशींनी ताजी निवळी दिली. बाईंनी साडीची घडी न मोडता, बेताने फुंकलं. निवळी पांढरी झाली. त्या थांबल्या. नळी उजेडात धरून बराच वेळ बघत राहिल्या. मग दाराबाहेर कुणी नाही ना, ते पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"आणखी फुंकू?"

"फुंका की," मावशी म्हणाल्या आणि दिव्याचं टोपण काढलं.