लेबर रूमची नोकरी

घरात सगळ्यात धाकटी म्हणून तिला सगळे बारकीच म्हणत. पुरुषांच्या वॉर्डात नर्स होऊन तिला सहा वर्षं झाली होती. आडदांड पेशंट तिच्या एका नजरेनं निमूट अंथरुणात परत जात, पण घरी आली की बारकी ती बारकीच.

त्या आठवड्यात तिला दोन नोकऱ्या एकदम चालून आल्या. एक काचेच्या मोठ्या हॉस्पिटलात, स्पेशल रूमच्या मजल्याची इन्चार्ज म्हणून. पगार चांगला घसघशीत, ड्यूटी फक्त दिवसाची. दुसरी पुलापलीकडच्या जुन्या प्रसूतिगृहात, साधी स्टाफ नर्स.

"यात विचार कसला करायचा?" दादा म्हणाला. तो बस चालवायचा आणि पुढचा कुणी वळणावर रेंगाळला की त्याचा जीव खालीवर व्हायचा. "तिकडे जाऊन पुन्हा पहिलीच्या वर्गात बसणार का?"

"बसेन. मला पुढेमागे स्वतःचं बाळंतपणाचं केंद्र काढायचंय, दादा. नर्सेसनी चालवलेलं. ते स्पेशल रूममध्ये शिकून कसं होईल?"

दादानं वहिनीकडे बघितलं. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती.

"अहो, माझ्याकडे काय बघता? माझी दोन्ही झाली. आता मी काही तिचं गिऱ्हाईक होत नाही."

बारकीनं दोन्ही ठिकाणं डोळ्यांनी बघून यायचं ठरवलं.

मोठ्या हॉस्पिटलचा मॅनेजर अगदी सौजन्यानं बोलला. मजला लखलखीत होता, नर्सेस हसतमुख होत्या. खोटं कशाला सांगा, बारकीला तिथली शांतता आवडली. निघताना तिनं विचारलं, "इथे नर्स बाळंतपण करते का?"

"छे! ते सगळं डॉक्टर बघतात. तुम्हाला हातही घाण करावा लागणार नाही."

त्याला वाटलं, आपण हुकमाचं पान टाकलं. बारकीनं त्याचे आभार मानले.

प्रसूतिगृहात मेट्रनबाईंनी तिला जेमतेम बसवलं असेल-नसेल, तोच आतून हाक आली. आत मदतीला असणारी बाई त्या दिवशी सुट्टीवर होती. "चला, सिस्टर," मेट्रन म्हणाल्या, "बोलू नंतर."

आत पहिलटकरीण खाटेचा दांडा धरून रडकुंडीला आली होती. "मला नाही जमणार हो!"

बारकी हात धुऊन तिच्या उशाशी उभी राहिली, कपाळ पुसलं. "माझ्याकडे बघा. कळ आली की जोर, गेली की अंग सैल सोडायचं. जमतंय की तुम्हाला!"

पायाशी एक नर्स होती, बारकीहून वयानं लहान. तिनं आवाज चढवला नाही, घाई केली नाही. दारातून डॉक्टरीणबाई डोकावल्या, बघितलं, मान हलवली आणि निघून गेल्या. मूल त्या नर्सच्याच हातात जन्मलं आणि चांगलं ठणठणीत रडलं. बारकीला तिचा हेवा वाटला, आणि त्याच क्षणी तिचं ठरलं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मी येते. पण माझी एक अट आहे."

"मुलाखत तुम्ही घेताय की मी?"

"थोडी थोडी दोघी घेऊ. वर्षभर माझं काम बघा. पसंत पडलं, तर मला मिडवाइफरीच्या कोर्सला पाठवायचं आणि जागा राखून ठेवायची. नेमणुकीच्या पत्रातच तसं लिहा."

"आजवर हे कुणी मागितलं नाही."

"म्हणून कुणाला मिळालं नसेल."

मेट्रन खो-खो हसल्या. "दीड वर्ष."

"चालेल."

मॅनेजरचा फोन आला, पगार आणखी वाढवतो म्हणाला. "तुमचं हॉस्पिटल छानच आहे," बारकी म्हणाली, "पण मला हवं ते काम तिथे नाही."

दादा दोन दिवस फुगून बसला. तिसऱ्या दिवशी त्यानं तिच्या ड्यूटीच्या वेळा विचारून घेतल्या आणि पुलापलीकडे जाणाऱ्या बसचा नंबर सांगितला.

सुरुवात काही सोपी गेली नाही. पाय सुजायचे, तिच्याहून लहान मुली तिच्या चुका काढायच्या आणि ती मुकाट्यानं शिकायची. दीड वर्ष झालं तेव्हा आठवण तिला करून द्यावीच लागली नाही; मेट्रनबाईंनी स्वतःच तिला कोर्सला धाडलं. परत आली, तेव्हा तिच्या हाताखाली दोन नव्या मुली दिल्या. त्यातली एक पहिल्याच दिवशी घाबरून दाराशी थबकली.

"ये आत," बारकी म्हणाली. "माझ्या शेजारी उभी राहा आणि नीट बघ. एक दिवस बाळंतपण तूच करायचंस."