तांबड्या बावट्याची खुंटी

भाऊ कर्णिकांच्या टेबलावर दोन वह्या असत. एक रेल्वेची, तिच्यात गाड्यांच्या वेळा. दुसरी त्यांची खासगी, तिच्यात माणसं. डाव्या पानावर ‘जन्माचं’, उजव्या पानावर ‘घरचं’. नौपाड्यातली त्यांची सगळी आळी त्या वहीत उतरली होती. शेजारच्या सरोजचा तुटकपणा डावीकडे, तिच्या नवऱ्याचं दबकत बोलणं उजवीकडे. भाऊंची स्वतःची टापटीप कुठल्या पानावर आहे, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणच्या वाटेला लागलं की मिठाच्या बैलगाड्यांसाठी एक फाटक होतं. त्या फाटकाच्या चौकीत भाऊ कारकून होते. अठराशे चौऱ्याऐंशीच्या चैत्रात जुना फाटकवाला सोडून गेला आणि त्याच्या जागी धाकू आला. त्याआधी मुंबईहून हुकूम आला होता, की फाटकवाल्याला तांबडं-हिरवं नीट ओळखता येतं का ते लोकरीच्या लडी दाखवून तपासावं. सोबत लडींची पेटीही आली होती. ती भाऊंनी सहा महिने फडताळात ठेवली, आणि उघडली तेव्हा आत कसरीने खाल्लेला भुगा. मुंबईला कळवायचं म्हणजे आपला गलथानपणा कळवायचा. भाऊंनी गुपचूप कल्याणच्या रंगाऱ्यांच्या आळीतून ताज्या रंगवलेल्या सुताच्या लडी आणवल्या.

धाकूने एकेक लड उचलली आणि बघता बघता तांबड्यांचा एक ढीग, हिरव्यांचा दुसरा लावला. एक चूक नाही. भाऊंनी ‘नजर चोख’ असं लिहून सही ठोकली, आणि खासगी वहीत उजव्या पानावर टिपलं: ‘लडी नाकाशी नेतो. रंगाऱ्याकडे वाढल्याची खोड.’

तिसऱ्या दिवशी दुपारी चौकीच्या दारात दुसरा धाकू उभा राहिला.

“मी मारुती. शहाडहून आलेलो,” तो म्हणाला. “धाकूचा भाऊ. एका वेळचे आम्ही.”

भाऊंची कळी खुलली. धाकू फाटकावर होता. त्याला लांबूनच हात करून मारुती आत येऊन बसला. दोघांची आई बाळंतपणातच गेली. धाकूला मावशीने, गंगुबाईने, कल्याणला नेलं. तिचा नवरा रंगारी. मारुती बापाजवळ शेतावर राहिला. बावीस वर्षं झाली. भाऊंनी नवं पान काढलं. बोलण्याआधी डावा कान खाजवायचा, दोघांचंही तेच: जन्माचं. मारुतीचा आवाज शेताच्या बांधावरचा, धाकूचा भिंतीआडचा: घरचं.

आता हात कुठला पुढे येतो ते पाहावं म्हणून भाऊ म्हणाले, “तो तांबडा बावटा दे रे जरा.”

भिंतीवर दोन खुंट्या होत्या. उजवीवर तांबडा, डावीवर हिरवा. दोन्ही काठीला गुंडाळलेले. मारुतीने डाव्या हाताने हिरवा काढून दिला.

“तांबडा म्हटलं मी.”

“मग दुसरा असेल,” म्हणत त्याने तोही आणला. “मला विचारू नका भाऊसाहेब. मला दोन्ही सारखेच. पिकली मिरची तोडायला बाप मला कधी पाठवत नाही. साऱ्या शहाडला ठाऊक आहे. हसतात मेले.”

“लहानपणी काही दुखणं?”

“कसलं दुखणं? आईचा बाप असाच होता म्हणतात.”

भाऊंची लेखणी थबकली. आईचा बाप. म्हणजे डावं पान. आणि डावं पान म्हटलं की दोघांचं एकच. पण धाकू तर पास झाला होता, आणि खाली भाऊंची सही होती. सही खोटी कशी असेल? “ठेव ते परत खुंटीला,” ते म्हणाले, आणि मान खाली घालून उजव्या पानावर लिहिलं: ‘नजर. रंगाऱ्याच्या घरात तयार होते, शेतावर होत नाही.’ मारुतीने हाताला आले तसे बावटे टांगले.

बाहेर आरडाओरडा झाला. मिठाची गाडी रुळांत अडकली होती, आस मोडलेला. गाडीवान तानाजी बैल सोडायला धडपडत होता. कल्याणकडून मालगाडीची शिट्टी आली.

धाकू आत धावला, वरही न पाहता उजव्या खुंटीवरचा बावटा ओढला आणि बाहेर पळाला. दारातच त्याने तो सोडला. हिरवा. हिरवा म्हणजे जपून ये, पण ये.

भाऊंना वाटलं घाईत चुकला, आत्ता परत फिरेल. धाकू फिरला नाही. तो रुळांच्या कडेने पुढे गेला आणि हात ताठ करून, अगदी शिकवल्यासारखा, हिरवा बावटा धरून उभा राहिला. इंजिनाने शिट्टी देऊन समजल्याची खूण केली. भाऊंची नजर वहीतल्या परवाच्या ओळीवर गेली. लडी नाकाशी नेतो.

डोळ्यांशी नाही.

डाव्या खुंटीवरचा बावटा घेऊन भाऊ पळाले. उपरणं दारात गळलं, एक जोडा खडीत राहिला. धाकूच्या पुढे पन्नास पावलं जाऊन त्यांनी तांबडा दोन्ही हातांनी उंच धरला. गाडी किंचाळत आली, त्यांना ओलांडून गेली, धाकूला ओलांडून गेली, आणि तानाजीच्या मोडक्या गाडीपासून एका बैलाच्या अंतरावर थांबली.

धाकू तसाच उभा होता, हात ताठ.

“मी तांबडाच धरला ना, भाऊसाहेब?”

भाऊंना धाप लागली होती. त्यांनी नुसती मान हलवली. नाही.

“माझ्याकडे काय बघतोस?” मागून धावत आलेला मारुती धाकूला म्हणाला. “मला तर हा कुठला तेही कळत नाही.”

चौकीत परतल्यावर धाकू हळू आवाजात बोलला, “हिरव्यातली नीळ वेगळा वास मारते, तांबड्यातली मंजिष्ठ वेगळा. लडीवरून मी कधी चुकलो नाही. इथे खुंटी लक्षात ठेवलेली. खुंटी बदलली नसती तर—”

“आयुष्यभर कोण खुंटी राखणार तुझी? आधीच का नाही बोललास?” भाऊंनी विचारलं.

“रंगाऱ्याच्या घरात सांगायचं, की रंग दिसत नाही? काका दारात उभं करता ना.” त्याने कान खाजवला. “हा शेतावर वाढला. ह्याला हसण्यावारी नेता आलं.”

मग त्याने छातीवरचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला. भाऊंनी तो ठेवू दिला. मुंबईला कागद लिहायला घेतला: फाटकवाल्याची नजर सदोष, तपासणी चुकीची, लडी पेटीतल्या नव्हत्या, पेटी कसरीने खाल्ली, ते कळवलं नाही. खाली सही.

शेवटी खासगी वही उघडली. ‘नजर’ उजवीकडे खोडून डावीकडे नेली. नाक उजवीकडे राहू दिलं. लपवणंही उजवीकडे लिहिलं, धाकूच्या नावापुढे. मग त्याच ओळीत, जागा अपुरी होती म्हणून बारीक अक्षरात, आपलंही नाव घातलं.