बाईंचा आवाज पोचवणारी

मी एक स्क्रिप्ट बोलतेय. नाटक-सिनेमाची नव्हे, ती बडी मंडळी. कॉम्प्युटरला एकाखाली एक दिलेले चार-सहा हुकूम, एवढाच माझा देह.

माझा जन्म रेकॉर्डिंगच्या एका खोलीत झाला. भिंतींना जाड स्पंज, दाराला रबराची पट्टी, टेबलावर माइक. दृष्टिहीनांसाठी इथे पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतात. इथल्या रेकॉर्डिस्टनं एका हातात चहाचा कप धरून मला लिहिलं.

काम सोपं होतं. वाचन संपलं की आवाजाची फाइल 'नवे' या फोल्डरात पडायची. मी दिवसाचं वाचन संपल्यावर तिथे एकदा डोकावायचं आणि काही दिसलं की उचलून 'संग्रह' या मोठ्या कोठारात नेऊन ठेवायचं. फाइलचं नाव आधी कसं कळणार? म्हणून त्यानं मला चांदणीचं चिन्ह दिलं. चांदणी म्हणजे नाव काहीही असो, चालेल. काही असेल तर हलवायचं, नसेल तर गुपचूप परत फिरायचं. माझी बारीकसारीक कुरकुर पडद्यावर येऊ नये, म्हणून त्यानं माझं तोंडही बांधून ठेवलं होतं.

माझी एक शेजारीण होती, माझ्यासारखीच दुसरी स्क्रिप्ट. ती दर शनिवारी संध्याकाळी यायची आणि 'नवे'मधलं सगळं पुसून टाकायची. चांदणी तिच्याकडेही होती, पण ती कुणाला काही विचारत नसे.

वाचायला एक बाई यायच्या. निवृत्त शिक्षिका, आवाज स्वच्छ, शब्द ठसठशीत. एका बैठकीला एक प्रकरण वाचायच्या आणि मी ते नेऊन ठेवायची. सारं सुरळीत चाललं होतं.

मग बाईंच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेत स्वरयंत्र काढावं लागणार होतं. हातातली कादंबरी अर्धी राहिली होती.

"बाई, राहू द्या. दुसरं कुणीतरी पूर्ण करेल," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

"अर्ध्या पुस्तकात आवाज बदलला तर ऐकणाऱ्याचा विरस होतो," बाई म्हणाल्या. "सुरू कर तू."

शेवटच्या आठवड्यात त्या घोटघोट पाणी पीत एकामागून एक प्रकरणं वाचत गेल्या. 'नवे'मध्ये एकदम तीन-चार फाइली जमल्या, आणि तिथेच घोळ झाला.

माझं असं आहे, की चांदणीच्या जागी खरी नावं भरली जातात आणि मगच प्रश्न माझ्या तोंडी येतो. एकच नाव असेल तर प्रश्न सरळ असतो: ही फाइल आहे का? पुष्कळ नावं एकदम घुसली की वाक्यच मोडतं. मोडक्या प्रश्नाला 'हो' असं उत्तर मिळत नाही. मग काहीच नाही असं समजून मी परत फिरते. तशी मी रोज फिरत राहिले. आत ओरडत होते, पण ऐकणार कोण?

शनिवारी दुपारी फोन वाजला. बाईंची मुलगी हॉस्पिटलातून बोलत होती.

"ऑपरेशन नीट झालं. आई शुद्धीवर आली की तिला शेवटचं प्रकरण ऐकवायचंय. पाठवता का?"

"आत्ता पाठवतो," म्हणत त्यानं 'संग्रह' उघडला. निम्मं पुस्तक तिथे नव्हतंच. तो आवाज आता जगात दुसरीकडे कुठेच नव्हता.

घाईघाईनं त्यानं 'नवे' उघडला. सगळी प्रकरणं तिथे बसून होती. शेजारीण यायला अजून वेळ होता. तिला थांबवून त्यानं सगळ्या फाइली हातानं हलवल्या, मुलीला पाठवल्या आणि मग माझ्याकडे वळला. माझं तोंड सोडून त्यानं मला चालवलं, तशी मी बोलले: नावं फार झाली!

"अगं बाई, आधी बोलायचंस ना!" तो म्हणाला आणि स्वतःशीच हसला. तोंड बांधणारा तोच होता.

त्यानं मला नव्यानं लिहिलं. आता मी एकेक नाव हाती घेते, ती फाइल खरंच आहे का ते पाहते, मगच हलवते. त्याच नावाचं कोठारात आधीच काही असेल तर ते पुसून त्याजागी नवं ठेवत नाही. माझं काम झाल्याशिवाय शेजारणीलाही आत सोडत नाहीत. तुमच्या घरी-दारी माझ्यासारखी कुणी राबत असेल, तर तिची कुरकुर अधूनमधून ऐकत जा, एवढंच मागणं आहे.

काही आठवड्यांनी बाई आल्या. गळ्याला रुमाल, सोबत मुलगी. हेडफोन लावून त्यांनी शेवटचं प्रकरण पुन्हा, ओळीओळीनं तपासत ऐकलं. मधेच हात वर केला. एक ओळ वाचताना गाळली गेली होती.

"आता कसं करायचं, बाई?" रेकॉर्डिस्टनं विचारलं.

बाईंनी मुलीच्या खांद्याला धरून तिला माइकसमोर बसवलं.

"अगं आई, मला नाही जमत! माझा आवाज बघ कसा आहे."

बाईंनी पुस्तक उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाट पाहत उभ्या राहिल्या. मुलीनं घसा खाकरला, वाचलं. बाईंनी नकारार्थी मान हलवली, पुन्हा बोट ठेवलं. तिनं पुन्हा वाचलं. असं किती वेळा झालं कुणास ठाऊक. शेवटी बाईंनी बोट उचललं.

आता दुसऱ्या पुस्तकाचं वाचन सुरू आहे. मुलगी वाचते आणि बाई काचेपलीकडे बसून हात वर करतात. एकेका ओळीच्या पाच-पाच फाइली पडतात. चला, निघते. बाईंनी मान डोलावलेली दिसतेय.