जास्तीचं एक मत

माझ्या घरात माझं धरून मतं नऊ, अन् आमच्या बूथवर मले पडले फक्त सात! सांगा आता, माणसाचं डोकं फिरणार नाही तं काय?

बर्डीवर माझं शिलाईचं दुकान. महानगरपालिकेले अपक्ष उभा राहिलो होतो, निशाणी शिलाई मशीन. पडलो त्याचं काही नाही; पण ते दोन मतं गेले कुठं? माझी बायको अंजनाबाई, तिच्यासकट घरच्या आठही जणांनी तोंडावर सांगितलं, तुमचंच बटन दाबलं. मंग मतदानाच्या मशीननंच खाल्ले ना! पंधरा वर्षं मी आमच्या साऱ्या नंदनवन वस्तीले हेच सांगून राहिलो.

विधानसभेच्या आधी मशीनची सरकारी तपासणी निघाली. कंपनीचे इंजिनिअर मशीन तपासतात, मंग पक्षांच्या माणसांकडून नकली मतं टाकून घेतात. आकडा जुळला तं पास, नाही तं मशीन वापस. मी एका लहानशा पक्षाच्या मागं लागून त्याचा प्रतिनिधी झालो अन् हिंगण्याकडच्या सरकारी गोडाऊनात जाऊन बसलो.

आमच्या टेबलावर पायल नावाची इंजिनिअर पोरगी होती. तिची ही पहिलीच तपासणी. मी तिले इचारून इचारून भंडावून सोडलं. "हे वायर कुठं जाते? मत आत कुठं राहते? बॅटरी उतरली तं?"

"काका, पहिल्या दिवशी मी पण हेच सारं इचारलं होतं," म्हणे, अन् एकेक गोष्ट समजावून सांगे. मले लय मजा येऊन राहिली होती.

मशीनवर नकली दहा निशाण्या लावल्या होत्या. अन् पाहा गंमत, चवथी शिलाई मशीन! एका ओळीनं बटन दाबत जायचं, एकेका निशाणीले पन्नास मतं, एकूण पाचशे. तहसीलीतला बाबू दर मतामागं कागदावर त्या निशाणीपुढं रेघ मारून राहिला होता. माझ्या पाळीत पाचव्या नंबरचा फुगा आला. मनात आलं, पाहू तं खरं, हे मशीन माझं मत खाते का. कोणाले दिसू नये म्हणून मशीनपुढं आडवा झालो अन् शिलाई मशीनचंच बटन दाबलं. पीऽ वाजलं, काचेमागं चिठ्ठी दिसली, पडली. कोणाले पत्ता नाही.

मोजणी झाली. फुगा एकोणपन्नास, शिलाई मशीन एकावन्न. चिठ्ठ्याही तेवढ्याच.

अरे वा! दिलं गा मशीननं, बराबर दिलं! मी मनातल्या मनात खूष झालो, तेवढ्यात बाबूचा कागद दिसला. त्याच्यावर दोन्हीकडं पन्नास होते.

"हे मशीन बाजूले काढा," तहसीलदार चारुशीला मॅडम म्हणाल्या. "पायल, काय गडबड झाली ते लेखी दे."

पायलचं तोंड एवढंसं झालं. ती पुन्हा चिठ्ठ्या मोजाले बसली. दुसऱ्या पक्षाचा एक जण माझ्या पाठीवर थाप मारून म्हणतो, "आनंदराव, तुम्ही म्हणत होते ते खरंच निघालं की हो!"

आता करा काय! गप्प राहिलो तं मी खरा. बोललो तं मशीन खरं, अन् मंग आमच्या घरातलं कोणीतरी खोटं. इकडं पोरगी तिसऱ्यांदा मोजून राहिली होती. मले माझीच लाज वाटली.

"राहू दे वं माय," मी म्हणलं. "मशीन बराबर हाये. फुग्याचं मत मीच शिलाई मशीनले टाकलं. मुद्दाम."

मॅडमनी मले असं झापलं का इचारू नका. पुन्हा पाचशे मतं टाकाले लावले, मले बटनाजवळ येऊ दिलं नाही. सारं जुळलं. सीलवर मी सही केली अन् घरी आलो.

अंजनाबाई भाकरी थापून राहिली होती. "काय निघालं?" तिनं इचारलं.

"मशीन बराबर हाये. एक मत इकडचं तिकडं करत नाही."

तिचे हात थांबले. तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं उलटली नाही.

"मंग एक मत माझं होतं," म्हणे. "निवडून आले असते तं घरी कधी दिसले असते तुमी? अन् दुसरं कोणाचं, ते मले मालूम हाये. पण मी सांगणार नाही."