पाय माझे, चेहरा त्यांचा

मित्रांनो, ज्या गुळगुळीत उंचवट्यावर तुम्ही रोज अक्रोड फोडता, तो माझ्या डाव्या पायाचा अंगठा आहे. मी एक जुनी संगमरवरी मूर्ती आहे. शहराच्या तटबंदीत मला आडवे चिणले आहे. पाय तेवढे बाहेर राहिले. तोंड आत, चुन्यात. कित्येक वर्षांत मी उजेड पाहिलेला नाही. पण आठवते मला सगळे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या लुनाच्या डोंगरात झाला. तिथून गलबतात घालून मला इथे, रोमच्या राज्यातल्या हिस्पानिया प्रांताच्या किनाऱ्यावर आणले. झोसिमस नावाच्या मूर्तिकाराने मला घडवले. तो पूर्वी गुलाम होता, मग सुटला. दगडाशी बोलायची त्याला सवय होती. मला तो 'म्हातारे' म्हणायचा. डोंगराएवढे माझे वय, म्हणून असेल.

रोमहून सम्राटाच्या चेहऱ्याचा मातीचा साचा आला होता. त्याबरहुकूम मला घडवायचे होते. सम्राट तेव्हा साठीला टेकलेले, डोक्यावर केस नाहीत, असे खलाशी सांगत. साच्यात मात्र तिशीचा तरुण होता आणि कपाळावर दाट कुरळ्या बटा होत्या. लढाई त्यांनी कधी पाहिली नव्हती. तरी मला चिलखत घातले आणि पायाशी गुडघे टेकलेला एक शत्रू कोरला. चौकात मला उभे केले त्या दिवशी अंजीर विकणारी ऑप्ताता मावशी मान वर करून म्हणाली, "अगं बाई! हा तर माझ्या जावयाहून तरुण! काय खातो तरी काय?"

"मावशी, हळू," झोसिमस म्हणाला. "त्यालाही कान कोरलेत मी."

लोक हसले, आणि लगेच गप्प झाले. कारण माझ्यासमोर हसणेसुद्धा जपून करायचे होते. माझ्याजवळ कुणी कपडे बदलायचे नाहीत, कुणी कुणाला मारायचे नाही. लोक हात जोडत ते मला नव्हे, त्या चेहऱ्याला. मी त्या चेहऱ्याच्या आत होते. मला ना मान वळवता येई, ना डोळे मिटता येत. उन्हापावसात तेच कोरलेले अर्धे हसू घेऊन मी उभी होते.

पण एक नियम चांगला होता. छळलेल्या गुलामाने येऊन माझे पाय धरले, तर त्याला तिथून कुणी ओढून नेऊ शकत नसे. सुभेदार येऊन त्याचे गाऱ्हाणे ऐकेपर्यंत तो माझ्या आसऱ्याला. मालक क्रूर ठरला, तर गुलाम दुसऱ्या कुणाला विकायचा. फक्त हात सोडायचे नाहीत.

एका सकाळी ख्रेस्ते धावत आली आणि तिने माझ्या डाव्या पायाला मिठी मारली. ती वेरेकुंदसच्या कपडे धुण्याच्या कारखान्यातली गुलाम. तिथे रस्त्याकडेच्या मडक्यांत जमवलेली लघवी हौदात ओतून त्यात दिवसभर पायांनी कपडे तुडवायचे. तिचे पाय घोट्यापर्यंत सोलले होते. पाठीवर ताजे वळ होते.

"खाली कोरलेलं तुझं नाव मला वाचता येत नाही, बाबा," ती माझ्या पायाला म्हणाली. "तू फक्त हलू नकोस."

हलणार कुठे मी? आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या न हलण्याचे समाधान वाटले.

वेरेकुंदस आला आणि समोर स्टूल टाकून बसला. सुभेदार प्रांताच्या राजधानीहून, ताराकोहून, परवा येणार होता. "बस की," तो म्हणाला. "मला घाई नाही. पण बाई, माणसाचं पोट आहे ते. सम्राटासमोर घाण केलीस, तर सुभेदारच तुझी चामडी सोलेल. आणि आडोशाला गेलीस, तर मी आहेच."

खरेच, त्याने तिला कोंडीत पकडले होते. दुपारपर्यंत ख्रेस्ते घामाने भिजली. तेव्हा ऑप्ताता मावशी उठली. कोपऱ्यावरचे वेरेकुंदसचेच मडके तिने उचलून आणले आणि बाजारातल्या चार बायकांना हाक मारली. सगळ्यांनी शाली पसरून आडोसा केला. ख्रेस्तेचा एक हात माझ्या घोट्यावर होता तो होताच.

"हा सम्राटांचा अपमान आहे!" वेरेकुंदस ओरडला.

"सम्राटांचे पांढरेशुभ्र कपडे कशात धुतात, ते सांगू का चौकात?" मावशी शालीमागून म्हणाली. "आणि ओरडतोस कशाला? तुझंच मडकं आहे. भरून परत पाठवते."

सगळा चौक हसला. मीही हसले असते.

दुसऱ्या दिवशी बंदरात गलबत लागले आणि बातमी आली. रोममध्ये सम्राटाला मारले होते. नवा सम्राट गादीवर बसला होता. जुन्याचे नाव दिसेल तिथून पुसा, चेहरा दिसेल तिथे फोडा, असा हुकूम होता. नगरपाल हेल्वियस धापा टाकत झोसिमसला घेऊन आला.

"फोड हिचं नाक. आत्ताच्या आत्ता!"

वेरेकुंदस स्टुलावरून उठला. "ऐकलंस ना, ख्रेस्ते? गेला तुझा बाप. आता हा नुसता दगड. चल घरी."

तिची बोटे माझ्या अंगठ्यात रुतली. मित्रांनो, चौकात इतकी वर्षे मी त्या चेहऱ्याला शाप देत होते. त्या क्षणी मात्र मी त्याच चेहऱ्यासाठी तळमळले. एक दिवस, फक्त एक दिवस तो टिकायला हवा होता.

झोसिमसने छिन्नी हातात घेतली, पण तो शिडीवर चढला नाही. "साहेब, नवे सम्राट दिसतात कसे?"

"मला काय ठाऊक? मी काय त्यांच्या पंगतीला होतो?"

"साचा यायला महिना लागेल. आज नाक फोडलं आणि त्यांचं नाक लांब निघालं, तर दगड आणू कुठून? आणि उद्या सुभेदार आले, चौकात नव्या सम्राटांची मूर्तीच नाही असं त्यांनी पाहिलं, तर..."

नगरपालाच्या कपाळाला घाम फुटला. "मग काय करू रे?"

"आधी खालचं नाव बदलतो. नाव त्यांचं, की मूर्ती त्यांची. तोंडाचं महिन्याने बघू."

झोसिमस माझ्या पायाशी बसला. "दादा, हात काढू?" ख्रेस्तेने विचारले.

"खबरदार! मी तुझ्या कोपराखालून कोरतो."

जुने नाव खरवडले जाऊ लागले. दगडाची भुकटी तिच्या केसांत उडत होती. शेवटचे अक्षर गेले, नवे कोरायचे होते, तेवढ्यात वेरेकुंदसने पुढे होऊन तिचा दंड पकडला. "आता हा कुणाचाच नाही!"

झोसिमसने मानही वर केली नाही. छिन्नीच्या टोकाने त्याने पहिली ओळ दाखवली. "मालक, 'सम्राट' हा शब्द मी पुसलेला नाही. तो येईल त्याला चालतो. वाचता येतं ना? सम्राटांच्या पायाशी हात उगारल्याबद्दल काय शिक्षा आहे, हे साहेबच सांगतील."

नगरपालाने घाईघाईने मान हलवली. वेरेकुंदसने दंड सोडला.

दुसऱ्या सकाळी सुभेदार आला. त्याने वर पाहिले, मेलेल्याचा चेहरा. खाली पाहिले, जिवंताचे नाव. मग त्याने ख्रेस्तेचे पाय पाहिले आणि तिला विकून टाकायचा हुकूम दिला. माशांचे कालवण बरण्यांत भरून विकणाऱ्या एका विधवेने तिला घेतले. ख्रेस्तेची बोटे उलगडेनात. ऑप्ताता मावशीने तेल चोळून एकेक सोडवले.

ती सुटली नाही, मित्रांनो. एका दारातून दुसऱ्या दारात गेली, एवढेच. पण पुढे दर आठवड्याला ती बरण्या घेऊन चौकातून जाई, तेव्हा माझ्या अंगठ्यावरून हात फिरवून जाई. तिचे पाय बरे झालेले मी पाहिले.

महिन्याने साचा आला. "म्हातारे, माफ कर," म्हणत झोसिमसने माझ्या बटा तासल्या, गाल उतरवले. नव्या चेहऱ्याला जुनेच कान राहिले. पुढे आणखी एक सम्राट आला. तोवर झोसिमसही नव्हता. दुसऱ्याच कुणीतरी मला पुन्हा तासले. एवढ्या रुंद खांद्यांवर माझे डोके नारिंगाएवढे दिसू लागले. मग शत्रू आल्याची हूल उठली, तटबंदीला दगड कमी पडले आणि तिसऱ्या चेहऱ्यासकट मला भिंतीत घातले.

इथे अंधार आहे. तीन चेहरे एकावर एक घेऊन मी पडून आहे. त्यातला एकही माझा नव्हता. त्यांच्यासाठी मला काही मागायचे नाही.

पण ख्रेस्तेनंतर पुष्कळ जण आले. प्रत्येकाने हाच अंगठा धरला. तो गुळगुळीत आहे तो कुणा मूर्तिकारामुळे नाही. तेव्हा अक्रोड फोडायला दुसरा दगड घ्या, मुलांनो. आणि कधी कुणी धावत येऊन माझे पाय धरलेच, तर मला आतून दिसणार नाही. तुम्ही शाली घेऊन या.